कंट्रोल, एफ-दोन आणि लाल चिंधी

आई, आज मी कॉम्प्युटरच्या बटनांना तुझ्या तीन चिंध्या बांधल्या. हे तुला कसं सांगावं, याचंच हसू येतंय, कारण तू गेलीस तेव्हा आपल्या घरात साधा फोनही नव्हता.

मी राज्याच्या सीमेपलीकडं, इचोड्यात, भाजीपाला पाठवणाऱ्या एका संस्थेच्या ऑफिसात काम करते. माल तयार असल्याचा निरोप शेतकरी आता ईमेलनं धाडतात. पडद्यावर एकाखाली एक ओळी लागतात. प्रत्येक ओळीला रंग देता येतो हे ठाऊक होतं, पण माउसनं शोधत बसायचं म्हणजे जीव जायचा. आज सकाळी सेटिंग चाळताना दिसलं, रंगाला बटनच जोडता येतं. कंट्रोल धरून एफ-दोन, लाल: गाडी आजच. एफ-तीन, पिवळा: उद्या. एफ-चार: गाडी नको. इथं पांढरा हवा होता, तो त्यात नाही, म्हणून करडा घेतला. एफ-दोन दाबलं आणि अख्खी ओळ लाल झाली, तशी मी खुर्चीतून उठलेच. शेजारच्या टेबलावरचा तेलुगू सहकारी म्हणाला, "अक्का, हार्मोनियम बजारे क्या?" मी आणखी चार ओळी रंगवून दाखवल्या.

आपली पडवी डोळ्यांपुढं येते. तू टोपल्यांच्या मधोमध बसली आहेस. करकरीत टमाट्यांना लाल चिंधी, ते आजच नागपूरच्या ट्रकवर चढणार. पिकलेल्यांना पिवळी, उद्याच्या बाजाराला. मऊ पडलेल्यांना पांढरी, ते कुठं जायचे नाहीत, आपल्या घरचे. मी कॉलेजच्या सुट्टीत आलेली; टोपल्या ओळीत लावून सरसकट लाल गाठी मारत सुटले. तू मान वर न करता म्हणालीस, "हात लावल्याबिगर चिंधी काऊन बांधून राह्यली वं? टमाटे काय तुया घाईनं चालते का?" मग माझं मनगट धरून हात टोपलीच्या तळापर्यंत घातलास. वरचे करकरीत होते, खालचे लिबलिबीत.

आज दुपारपर्यंत माझी बोटं नुसती धावत होती. 'पुढच्या आठवड्याचे दर' असा विषय दिसला, पिवळा दिला, पुढं गेले. नंतर मनात आलं, आपण सकाळपासून एक तरी ईमेल उघडला का? लाज वाटली. मागं जाऊन एकेक उघडू लागले. दरांच्या त्या जुन्या ईमेललाच उत्तर म्हणून एका बाईनं लिहिलं होतं, विषय तसाच राहिला होता. आत होतं, "ताई, टमाटे तोडून ठेवले. गाडी आजच पाठवा, उद्यापर्यंत नाही टिकत."

एफ-दोन. लगेच ड्रायव्हरला फोन. तो धाब्यावर चहा पीत होता. आता काऊन, म्हणून कुरकुरला, पण गेला. संध्याकाळी त्यानं कळवलं, माल चढला, एकही क्रेट मागं राहिलं नाही. आई, मी ऑफिसात एकटीच टाळी वाजवली.

हे पत्र त्याच ईमेलमध्ये लिहिते आहे. कोणाला पाठवायचं, ती जागा रिकामी आहे. रंग द्यायला बोट गेलं, पण थांबले आणि आधी तळापर्यंत वाचून काढलं. वाचल्यावर कळलं की टमाट्यांचं तर झालंच. मला खरं म्हणजे ती बटनं तुला दाखवायची होती. बाकी कोणी पाहिली काय, न पाहिली काय.

कंट्रोल धरून एफ-चार दाबलं, तुझ्या पांढऱ्या चिंधीचं.