सगळ्या गल्लीला एकच नाक

तीर्थरूप मामांना,

तुमच्या भाचीचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का, मामींचा खोकला कमी झाला का, आणि तुम्ही दोघं चुकून एकमेकांच्या गोळ्या घेणं थांबवलंत का, हे तिन्ही प्रश्न आईचे आहेत. उत्तरंही तिलाच पाठवा. माझी तब्येत उत्तम आहे. डोळे थोडे लाल आहेत, पण ते कशामुळे ते पुढे येईलच. हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं, पण फोनवर तुम्ही माझं पहिलं वाक्य संपायच्या आत "हजर कधी होतेस?" असं विचारता, आणि मग दुसरं वाक्य माझ्याकडे उरत नाही. कागद मध्येच बोलत नाही, म्हणून हा कागद.

आधी कबुली. तुम्ही मित्राकडे शब्द टाकून विमा कचेरीत माझ्यासाठी जी जागा धरून ठेवली आहे, तिथे मला एक तारखेला हजर व्हायचंय हे मी विसरलेले नाही. घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्हाला माझं किती कौतुक आहे तेही मला ठाऊक आहे. (पदवीचा कागद बाबांनी स्टुडिओतच, नमुन्याच्या फोटोंच्या रांगेत, चौकट करून लावलाय. परवा एका गिऱ्हाइकाने त्याच्याकडे बोट दाखवून "मला या साइजमध्ये द्या" असं सांगितलं.) पण मामा, पदवी हातात आल्यावर माझ्या मनाने घेतलं, की शिकलेल्या मुलीने आधी आपल्या दुकानाचं काहीतरी करावं. आमच्याकडे आता ओळखपत्राच्या फोटोखेरीज कुणी येत नाही, आणि लोकांच्या घरातले जुने फोटो तर पिवळे पडत चाललेत. म्हणून मी संगणकावर ते एआयचं सॉफ्टवेअर बसवलं, जे फाटके, पुसट फोटो आणि जुने व्हिडिओ स्पष्ट करून देतं. तेही इंटरनेटशिवाय चालणारं. लोक आपली गेलेली माणसं आपल्या हातात देतात. ती कुठल्या परक्या कंपनीच्या कपाटात जाऊन पडावीत हे मला पटत नाही. पहिल्याच दिवशी मी इंटरनेटची वायर काढून आईच्या स्वाधीन केली (ती आता तिच्यावर फडकी वाळत घालते) आणि दारावर पाटी लावली : "इथे आलेला चेहरा खोलीबाहेर जात नाही." त्यानंतर दोन दिवस दुकानात कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी आईने खाली खडूने लिहिलं, "माणसं जाऊ शकतात."

बाबा सुरुवातीपासून काठावर उभे होते. तीस वर्षं ज्यांनी बारीक कुंचल्याने आणि टोकदार पेन्सिलीने फोटो सुधारले, त्यांना बटण दाबून होणारी सुधारणा म्हणजे पोरखेळ वाटणारच. त्यात मी चाचणीसाठी त्यांचाच एक जुना व्हिडिओ घेतला. सॉफ्टवेअरने तो इतका मनावर घेतला, की चित्र लखलखीत झालं, पण बाबांची मिशी त्यांच्या चेहऱ्यापेक्षा किंचित उशिरा पोचायला लागली. बाबा उजवीकडे वळायचे आणि मिशी मागून धावत यायची. आई हसून हसून स्टुलावरून घसरली. बाबा एवढंच म्हणाले, "चेहरा कळायला वर्षं जावी लागतात. याला आणून किती दिवस झाले?"

अशा वेळी समोरचे शिंपीकाका आले. काकू जाऊन नऊ वर्षं झाली, हे तुम्हाला माहीत आहेच. काकू अतिशय बोलक्या. कॅमेऱ्यासमोर बसलं की नेमकं त्यांना काहीतरी सांगायचं आठवायचं, त्यामुळे काकांकडचे सगळे फोटो हललेले. कुठे तोंडाच्या जागी धुकं, कुठे दोन हनुवट्या. स्थिर असा एकच फोटो, शिवणवर्गाचा, त्यात काकू मागच्या रांगेत, चेहरा शर्टाच्या बटणाएवढा. काकांनी तो कापडात गुंडाळून आणला होता. मला म्हणाले, "सकाळी उठल्यावर तिचा चेहरा लगेच येत नाही आता डोळ्यांपुढे. दुपारपर्यंत येतो. एखाद्या दिवशी आलाच नाही तर काय करू, पोरी?"

मी लगेच हो म्हटलं. (तुम्ही म्हणाल, विचार न करता. खरं आहे.) तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून अट घातली, की काका फोटो पाहून "हीच" असं म्हणाले, तर दुकान माझं, मी काय वाटेल ते करावं, नाही तर मुकाट्याने बॅग भरून मामाकडे.

आता या सॉफ्टवेअरची एक खोड अशी, की त्याला आधी आपल्याकडचे चेहरे दाखवून शिकवता येतं. बटणाएवढ्या चेहऱ्यातल्या रिकाम्या जागा भरायच्या तर त्याला नमुना हवा. मी म्हटलं, नमुन्यांना काय तोटा? बाबांनी काढलेले गल्लीतल्या माणसांचे दीड हजार फोटो दुकानात आहेत. दोन आठवडे बसून मी ते सगळे स्कॅन केले (डोळे लाल आहेत ते यामुळे) आणि त्याच्यापुढे वाढले. संगणक दिवसभर पिठाच्या गिरणीसारखा घुमत होता. त्याच्या मागून येणाऱ्या गरम हवेवर आईने बाबांचे मोजे वाळवून घेतले. संध्याकाळी पडद्यावर काकू आल्या. इतक्या सुंदर, की मीच मला मनातल्या मनात शाबासकी दिली. काकांना बोलावलं. त्यांनी चष्मा पुसला, बराच वेळ पाहिलं, आणि माझं मन न दुखावता म्हणाले, "छान आहे हो. कोण आहे ही?"

मामा, मला जमिनीने पोटात घ्यावं असं झालं. काका गेल्यावर मी दुकानात आलेले आणखी चार-पाच पुसट फोटो त्याच शिकवणीवर सुधारून शेजारी शेजारी मांडले, आणि पाहते तर काय, सगळ्यांना एकच नाक! बेकरीवाल्या आजी, शाळेच्या बाई, एवढंच काय, निवृत्त पोस्टमास्तर. सरळ, शेंड्याशी किंचित वर गेलेलं तेच ते नाक. मी सॉफ्टवेअरच्या नावाने बोटं मोडत होते, तेवढ्यात आई चहा घेऊन आली. पडद्यापुढे थबकली. स्वतःच्या नाकाला हात लावला. म्हणाली, "अगं, माझं नाक कुणाकुणाला वाटत सुटलीस?"

बाबा तेव्हा अचानक उठून शटरला तेल घालायला गेले. शटरने गेल्या दोन वर्षांत तेल मागितलेलं नाही. आई कमरेवर हात देऊन दारात उभी राहिली, तेव्हा कुठे बोलले. लोक म्हणायचे, जरा बरा दिसेल असा फोटो द्या. मग नाक सरळ करायचं. सरळ करताना कुठलं तरी नाक डोळ्यांपुढे धरावं लागतंच ना? म्हणजे तीस वर्षं बाबा आख्ख्या गल्लीला पेन्सिलीने आईचं नाक लावत होते, लोक ते कौतुकाने घरी नेत होते, आणि मी सॉफ्टवेअरला तेच शिकवलं होतं. बिचाऱ्याची काहीच चूक नव्हती. तो वर्गातला सगळ्यात आज्ञाधारक विद्यार्थी होता. (हे नाक तुमच्या घराण्याचं असल्यामुळे पोस्टमास्तरांच्या फोटोत अधूनमधून तुम्हीच दिसता, ते वेगळं.) आईने त्यानंतर आजतागायत बाबांच्या ओल्या टॉवेलबद्दल चकार शब्द काढलेला नाही.

दुसऱ्या दिवशी बाबांनी माळ्यावरून एक पत्र्याची पेटी खाली काढली. आत कच्च्या प्रती : सुधारण्याआधीचे खरे चेहरे, तीळ, वण, पुढे आलेले दात, सगळं जिथल्या तिथे. म्हणाले, "या कुणाला दाखवायच्या नसतात. पण टाकवल्या नाहीत." मी आधीचं सगळं पुसून या चारशे चेहऱ्यांवर पहिलीपासून शिकवणी सुरू केली. शिवाय या वेळी नुसतं यंत्रावर सोडलं नाही. शिंपीकाकांनाच शेजारी स्टुलावर बसवलं. मामा, काकांना चेहऱ्याचं वर्णन करता येत नाही, पण माप तोंडपाठ आहे! "डावी भुवई एक सूत वर घे. हनुवटीला जरा चुणी दे. गळा साडेतेरा, त्यात बदल नाही." मी आकडे बदलत होते, सॉफ्टवेअर चेहरा पुन्हा मांडत होतं, आणि जिथे ते अडलं तिथे बाबांनी माझ्या हातातून माउस घेतला. कुंचल्यासारखा चिमटीत धरला. काकूंच्या गालावर तीळ ठेवताना म्हणाले, "आजवर काढत आलो. लावतोय पहिल्यांदा."

काका पुढे वाकले. "जवळ आलीय," काका म्हणाले, "पण ही तिची धाकटी बहीण वाटते. ती गप्प असायची."

तर अशी परिस्थिती आहे. "हीच" अजून आलेलं नाही, पण परक्या बाईपासून धाकट्या बहिणीपर्यंत आम्ही चार दिवसांत पोचलो आहोत. मला वाटतं, आपण लोकांना त्यांची माणसं सुंदर करून देऊ नयेत, खरी करून द्यावीत, आणि ते काम यंत्र, बाबा आणि ओळखणारा माणूस असे तिघं मिळूनच होईल. हे वाक्य बाबांना ऐकवल्यावर त्यांनी भाषण संपलं का असं विचारलं, पण पाटी नव्याने रंगवायला घेतली आहे.

मामींना नमस्कार. गुडघ्याला जपा आणि माझ्यावर रागावू नका. रागवायचंच असेल तर बसून रागवा, उभ्याने नको.

तुमची,
कागदावर हुशार असलेली भाची

ता. क. आता खरं काम. मामा, तुमच्या लग्नाची व्हिडिओ कॅसेट पाठवून द्या. बाबांनीच चित्रण केलं होतं आणि त्यांना चांगलं आठवतंय, की शिंपीकाकू तुमच्या खुर्चीमागे उभ्या राहून जेवणं होईपर्यंत अखंड बोलत होत्या. त्या हलत्या, बोलत्या अशा फक्त तिथेच आहेत. ती कॅसेट तुम्ही कुलपात का ठेवली आहे ते आईने मला सांगितलं. त्यात काही वाईट नाही. नवरदेवालाही रडू येऊ शकतं. मुलीकडच्यांपेक्षा मोठ्याने येऊ शकतं. काकू दिसतील एवढाच भाग मी घेईन, आणि तुमच्या रडण्याला जराही सुधारणार नाही.

ता. क. दुसरा. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात काका आले. सकाळी मी एकटीनेच काकूंचं तोंड किंचित उघडून पाहिलं होतं, काहीतरी सांगायला निघाल्यासारखं. खांद्यावर मूळ फोटोतला एक बारीक ओरखडा काढायचा राहून गेला होता. काकांनी पडद्याकडे पाहिलं, पुढे झाले आणि नखाने तो ओरखडा उचलायला गेले. "किती वेळा सांगितलं," काकूंना म्हणाले, "दोरे झटकल्याशिवाय बाहेर पडू नकोस." मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं आणि ते तिथेच स्टुलावर बसले. बाबांनी त्यांच्याकडे कुठलाही शब्द मागितला नाही. मला एवढंच म्हणाले, मामाला कळव, ती कचेरीतली जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या म्हणावं.

कॅसेट मात्र पहिल्या टपालाने पाठवाच. काका उठायला तयार नाहीत. म्हणतात, आता ती उलट काय बोलते ते ऐकूनच जाईन.