आत्याबाईंकडची ठेव

२१ फेब्रुवारी १९८१, शनिवार

आत्याबाईंची पेटी उघडली. उघडायला नको होती!

बुधवारी त्या गेल्या. पुढच्या रविवारी, एक तारखेला, विहारात जलदान विधी आणि शोकसभा. मंडळाने मलाच बोलायला सांगितलंय — सून, त्यात मास्तरीण! फोटोजवळ त्यांची विहारात नेसायची पांढरी साडी ठेवावी म्हणून पेटी उघडली. किल्ली कायम त्यांच्या कमरेला. तेवीस वर्षांत कधी माझ्या हातात दिली नाही.

साडीखाली लाल फडक्यातली पुरचुंडी. आत चांदीचा टाक — घोड्यावरचा खंडोबा. पूजेने झिजून गुळगुळीत झालेला.

देव! आणि आत्याबाईंच्या पेटीत!

२२ फेब्रुवारी, रविवार

ह्यांना दाखवला. म्हणाले, "असेल काहीतरी. आई गेली, आता सोड." कसं सोडू?

लग्न होऊन आले तेव्हा आईने माझ्या पातळांत देवीचा टाक लपवून दिला होता. आठव्या दिवशी आत्याबाईंना सापडला. ओरडल्या नाहीत. "विमल, आपण दीक्षा घेतलीय. देव पुजणार नाही असा शब्द दिलाय." हाताला धरून गंगेवर, गोदावरीच्या घाटावर नेलं आणि माझ्याच हाताने सोडायला लावला. मी रडत सोडला. आई वर्षभर बोलली नाही माझ्याशी.

आणि त्यांचा स्वतःचा खंडोबा खुशाल पेटीत! मला राग आलाय. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावले आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

भाषण लिहायला बसले. विहाराची भिंत बांधताना आत्याबाईंनी डोक्यावर विटा वाहिल्या. दर रविवारी घरोघर हाका मारून बायकांना वंदनेला आणलं. बाहत्तरच्या दुष्काळात नळावर मारामारी व्हायची तेव्हा चार महिने स्वतः रांगेपाशी उभ्या राहिल्या. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी कळवणहून आलेली बाळंतीण अडली तेव्हा भर उन्हात तिला हातगाडीवर घालून दवाखाना गाठला — पोरगं आता सहावीत माझ्याच वर्गात आहे, महा खोडकर! हे सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. खोटं एक अक्षर नाही.

तरी लिहिताना तो घोडा सारखा समोर येतो. कागद फाडला.

२५ फेब्रुवारी, बुधवार

शाळा सुटल्यावर थेट गंगेवर. टाकूनच यायचं, असं ठरवून. पायरीवर बसले. मूठ उघडेना!

परतताना झुंबरबाईकडे शिरले. आत्याबाईंची जन्माची मैत्रीण. टाक तिच्या ओट्यावर आपटलाच म्हणा ना.

"आगं येडे, तिचा आसंल का त्यो? तिनं आपलं समदं देव पयल्याच दिशी सोडलं. म्या व्हते संगं."

"मग कोणाचा?"

"कोनाचा तरी. टाकाया धीर व्हत न्हाई आन् घरात ठिवाया भ्या वाटतं, आसं मानूस तिच्याकडं आणून द्यायचं. ती म्हनायची, राहू दे हितं, धीर आला का घिऊन जा. लय जनांनी नेलं. नेलं आन् सोडलं. ह्यो एक ऱ्हायला आसंल."

"मला का नाही मग धीर येईपर्यंत थांबू दिलं?"

"तू घरची ना. घरच्याला हाताला धरून नेता येतं. भाईरच्याची वाट बघाया लागती."

घरी आले आणि त्यांच्या साडीत तोंड खुपसून रडले. चार दिवस काय काय बोलले मी मनात!

२६ फेब्रुवारी, गुरुवार

ठरलं. ठेव ज्याची त्याला गेली पाहिजे. सभेत बोलणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

चिमाजीदादांना आधी सांगितलं. मंडळाचे अध्यक्ष, भारी कडक. कोणाच्या घरात देव सापडला तर त्याला विहाराची पायरी चढू देत नाहीत. मी पुरचुंडी काढली तर हात आडवा घातला. "उघडू नका! बाईंच्या घरात देव निघाला म्हणजे त्यांचं नाव मातीत जाईल. गुपचूप गंगेत टाका. सभेत एक शब्द काढायचा नाही."

"काढणार," म्हणाले मी. पुरचुंडी पिशवीत घातली आणि निघाले.

१ मार्च, रविवार

विहार भरून बाहेर मांडवातही माणसं. विटांचं सांगितलं, नळाचं, हातगाडीचं. मग म्हणाले, "आमच्या आत्याबाईंकडे, तुमच्या धोंडाबाईंकडे, कोणाची तरी ठेव राहिली आहे. काय ते सांगणार नाही, कोणाची ते विचारणार नाही. ज्याची असेल त्याने कधीही यावं."

बायका खाली बघू लागल्या. दोघी-तिघींनी डोळ्याला पदर लावला. चिमाजीदादा उठून बाहेर गेले. जाऊ देत! मी भाषण पुरं केलं.

घरी कोणीच आलं नाही.

२ मार्च, सोमवार

हे ओझरच्या कारखान्यात गेल्यावर दार वाजलं. चिमाजीदादा. टोपी हातात. "आमच्या आईचा आहे. जाताना म्हणाली, धोंडाबाईकडं दिलाय, तूच नेऊन सोड. तेरा वर्षं झाली." मी पुरचुंडी दिली. उघडून पाहिली, अंगठा फिरवला, पुन्हा गाठ मारून माझ्या हातात ठेवली. "अजून नाही होत, विमलाबाई."

"राहू दे इथं," मी म्हणाले. "धीर आला की या."

पेटीला कुलूप लावलं. किल्ली कमरेला खोचली.