कोशातला दुसरा अर्थ

रसूल नथू पिंजारी, मी आपल्याला पूर्ण नावानेच संबोधतो आहे. घरातली सगळी माणसे आपल्याला आबा म्हणत. आमच्या हद्रामौतमध्ये वडिलांना ‘याबा’ अशी हाक मारतात. येमेन सोडताना ती हाक मी एका माणसापाशी ठेवून आलो होतो, आणि ती दुसऱ्या कोणाला देण्याची माझी तयारी नव्हती. आपणही ती कधी मागितली नाही. शेवटपर्यंत आपण मला ‘पाहुणा’ म्हणालात. आपली मुलगी या हिवाळ्यात जळगावी वारली. हे आपल्याला कळवणे माझे कर्तव्य आहे. बाकी जे लिहितो आहे, ते कर्तव्य नव्हे.

पहिल्या भेटीचा दिवस मला स्पष्ट आठवतो. धुळ्यातले आपले गादीघर, कापूस पिंजण्याच्या यंत्राचा खडखडाट, आपल्या भुवयांवर बसलेला कापूस. मी जळगावच्या महाविद्यालयातून पदवी घेतली होती आणि आखातात केळी पाठवणाऱ्या एका पेढीत अरबी पत्रव्यवहार पाहत होतो. आपली मुलगी माझ्याच वर्गात होती. मी पाठ्यपुस्तकातल्या शुद्ध मराठीत तिचा हात मागितला. आपण यंत्र थांबवले, माझ्याकडे बघितले आणि अहिराणी मला समजणार नाही अशा खात्रीने मुलाला म्हणालात, “पाव्हना आज आठे शे, सकाय कोठे जाई?” मला समजले. आज इथे आहे, उद्या कुठे जाईल. परदेशी अरब लग्न करून निघून गेल्याच्या, मागे मुली राहिल्याच्या गोष्टी आपण ऐकलेल्या होत्या. त्या सगळ्या खोट्या होत्या असे मी म्हणत नाही. परंतु त्या माझ्या नव्हत्या.

निकाहाच्या दिवशी सर्वांदेखत आपण तिच्या तळहातावर एक पितळी किल्ली ठेवलीत. गादीघरामागच्या खोलीची. “हाई खोली तुनी शे. कव्हयबी ये. कोनले इचारानं नही.” केव्हाही ये, कोणाला विचारायचे नाही. बोलत होतात तिच्याशी, पाहत होतात माझ्याकडे. त्याच आठवड्यात मी तिला विचारले, की जावयाला पाहुणा का म्हणतात? ती म्हणाली, “अहो, आमच्याकडे जावयालाच पाहुणे म्हणतात.” मी कोश उघडला. अतिथी, असे दिले होते. मी कोश मिटला.

ती किल्ली आमच्या स्वयंपाकघरात पिठाच्या डब्यामागे खिळ्याला टांगलेली असे. मी पाणी प्यायला गेलो तरी मला ती दिसे. आपली मुलगी माहेरी निघाली, की मी प्रथम खिळा पाहत असे. किल्ली तिथेच असे, आणि मग मला वाटे, हिच्याजवळ दुसरी असणार.

आणि मी अरबच राहिलो, हे मात्र मान्य करा. भाड्याने घर शोधताना लोक माझे नाव ऐकून थबकत, उच्चार ऐकल्यावर दार लावून घेत. परदेशी नागरिक म्हणून नोंदणीला गेलो, की शिपाई विचारी, “अजून इथंच?” मशिदीत माझ्या कुराणपठणाचे कौतुक होई, पण इथली जमात ‘आमीन’ मनातल्या मनात म्हणते आणि आम्ही ते मोठ्याने म्हणतो, एवढ्यावरून माझ्या पंथाविषयी कुजबुज चाले. एका ईदला आपण चपला शोधता शोधता मला म्हणालात, “एवढ्या जोरात कोनले आयकाडतस, पाव्हना?” लोक हसले. मी हसलो नाही. मला वाटले, आपल्याला माझा आवाजच नको आहे. त्यानंतर मी अधिक मोठ्याने म्हणू लागलो. घरी आल्यावर आपली मुलगी म्हणाली, “आबा थट्टा करतात हो. आणि तुम्ही रागावता तेसुद्धा वर्तमानपत्रासारखे.”

पुढे आपण गेलात. मग माझ्या देशात युद्ध पेटले. ज्या गावी मी परत जाईन अशी आपल्याला धास्ती होती, तिथे परतण्यासारखे कोणी उरले नाही. तरीही किल्ली खिळ्यावरच होती. युद्धाच्या बातम्या ऐकताना मला त्या किल्लीचाच राग येई.

गेल्या आठवड्यात मी ती घेऊन धुळ्याला गेलो. आपल्या मुलीने स्वतःसाठी तिथे काय मांडून ठेवले होते, ते मला पाहायचे होते. मेहुणे आता गादीघर चालवतात. त्यांचा जावई गल्ल्यावर बसला होता. तो दोन गल्ल्या सोडून राहतो, जन्म शिंदखेड्याचा, कुळानेही पिंजारीच. मेहुणे त्याला म्हणाले, “पाहुणे, जरा चहा सांगा.” तो उठला आणि गेला. मी जागीच उभा राहिलो.

मागच्या खोलीच्या कुलपाला किल्ली लागेना. मी जोर लावू लागलो तेव्हा मेहुण्यांनी माझा हात धरला. “पाहुणे, ते कुलूप आबा गेले त्याच वर्षी बदललं. ताईच म्हणाली, खोली तुम्ही वापरा, मला नको.” त्यांनी स्वतःजवळच्या किल्लीने दार उघडले. आत छतापर्यंत कापसाच्या गोण्या. माणसाला उभे राहायला जागा नव्हती.

“मग ही किल्ली तिने कशाला ठेवली?”

“मीबी विचारलं होतं. हसली आणि म्हणाली, ‘ऱ्हाऊ दे, त्यास्ले संशय लेवाले काहीतरी लागस.’”

राहू दे, त्यांना संशय घ्यायला काहीतरी लागते. म्हणजे मी खिळा पाहतो, हे तिला ठाऊक होते. त्या वाक्यात थट्टा किती होती आणि थकवा किती, हे मला ठरवता येत नाही, आणि विचारायला ती नाही. प्रथम मेहुणेच खोटे बोलत असावेत असेही माझ्या मनात आले, हे नमूद करतो.

घरी येऊन मी कोश पुन्हा उघडला. अतिथीच्या खालीच दुसरा अर्थ आहे: जावई. मी तेव्हा तिथवर वाचले नव्हते. आपण तो शब्द दोन्ही अर्थांनी वापरत होतात असा माझा संशय आहे, आणि तो मी सोडणार नाही. हे पत्र मात्र इथेच राहील; आपला पत्ता कोणत्याही टपालाला ठाऊक नाही.

एक गोष्ट सांगायची राहिली. त्या दिवशी मेहुणे म्हणाले, “जेवून जा पाहुणे, शेवभाजी केली शे.” मी दाराशीच रेंगाळलो होतो. गोण्यांकडे पाहत मी हळूच ‘याबा’ म्हणालो. मेहुण्यांनी विचारले, “काय म्हणालात?” मी म्हणालो, “काही नाही.” मग त्यांच्याकडून किल्ली घेऊन दाराला कुलूप लावले, ते एकदा ओढून पाहिले, आणि दोन्ही किल्ल्या परत केल्या.