जवसाचा धागा

गुरुजी, आज धानाच्या बांधीत जवस फुललेला पाहिला. धान कापून झालं आहे, जमिनीत ओल आहे, आणि त्या ओलीवर निळ्या फुलांचा असा रंग पसरलाय की माझ्या सवयीप्रमाणे मला चार ओळी सुचायला हव्या होत्या. सुचल्या नाहीत. तुम्ही आठवलात, आणि खरं सांगतो, आधी रागच आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, मीही निवृत्त होऊन म्हातारा झालो, तरी आपल्या शाळेच्या आसपासचं एक रोपटंसुद्धा तुम्ही माझ्यासाठी सोडलेलं नाही.

नव्व्याण्णव साली बदली होऊन मी गावच्या शाळेत आलो, तेव्हा केवढ्या हौसेनं आलो होतो. सहावीच्या त्याच वर्गात तुम्ही मला कविता चालीवर म्हणायला शिकवली होती. एकदा मी सगळ्यांसमोर कडवं विसरलो, तर रागावण्याऐवजी तुम्ही माझ्या शेजारी येऊन ते माझ्यासोबत म्हणू लागलात. त्या वर्गात आता मी इतिहास-भूगोल शिकवणार होतो. इजिप्त, बाबिलोन, मोहेंजोदडो. रंगीत खडूंनी फळाभर नाईल काढायचो. दोन्ही काठांना हिरवा पट्टा, बाकी सगळी पिवळी वाळू. मुलं ती मुकाट्यानं वहीत उतरवून घेत आणि मधल्या सुटीची घंटा झाली की बोरिंगजवळच्या ओट्याकडे पळत. तिथं तुम्ही, निवृत्त होऊनही रोज बसलेले. "काय शिकवलं आज सरांनी?" तुम्ही विचारता. "नाईल नदी, गुरजी. लय दूर आहे म्हणते." "हात् बाप्पा! कायची दूर? तलावाचं पाणी ओसरलं का काठच्या गाळात तुझा बाप काय करते?" "पेरते जी." "मंग! तेही तेच करत." पोरं खिदळतात. माझी अख्खी नाईल तुम्ही दोन वाक्यांत आपल्या तलावात ओतून मोकळे होता, आणि मी खिडकीत उभा राहून डस्टर झटकत असतो.

मग मीही कंबर कसली. माझ्याजवळ तुमच्यासारखी बोली नव्हती, पण कविता होती. प्रत्येक धड्यावर मी ओळी रचू लागलो. इजिप्तवरची तर मला फार आवडायची:

नाईलकाठी वाळूखाली राजे निजले सारे,
अंगी त्यांच्या कापूसवस्त्र, उशाशी सोनतारे.

पुस्तकात नुसतं 'तलम कापड' होतं. कापूस मी घातला, कारण तो ओळीत बसला. सगळा वर्ग चालीवर ती म्हणायचा, आणि तेवढा वेळ मला वाटायचं की हा वर्ग माझा आहे.

त्या वर्गात एक मुलगी होती. काळीसावळी, दोन वेण्या, शेवटच्या रांगेत बसूनही सगळ्यात मोठा आवाज. घटक चाचणीत मी विचारलं, इजिप्तमध्ये मृत राजाला कशात गुंडाळत? तिनं लिहिलं, जवसाच्या झाडाच्या कापडात. मी लाल शाईनं फुली मारली. जवस म्हणजे तेल, जवस म्हणजे चटणी. त्याचं कापड कुठं असतं? पेपर घेऊन ती टेबलाशी आली. "काऊन जी सर? गुरजींनं तं धागा काढून दाखवला मले. अंबाडीवानी देठं भिजवले तलावात, कुटले, अन् हा पाहा." तिच्या मनगटावर भुरकट, मऊ, पिळलेला धागा होता. मी तो नीट पाहिलासुद्धा नाही. "परीक्षा माझी आहे का गुरुजींची?" मी म्हणालो. वर्ग हसला. तिची मान खाली गेली.

सुटीत ती तो पेपर घेऊन तुमच्याकडे गेली. मी खिडकीतून पाहून राहिलो होतो. तुम्ही कागद डोळ्यांजवळ नेला, फुली पाहिली, आणि मग वर, थेट खिडकीकडे पाहिलंत. मला वाटलं आता तुम्ही येणार, सगळ्यांसमोर मला विचारणार. मी उत्तरं जुळवून ठेवली होती. तुम्ही तिला म्हणालात, "सर सांगते तेच लिहाचं, बाई. वर्ग त्याचा आहे." दुसऱ्या दिवसापासून तुम्ही ओट्यावर बसायला आला नाहीत. पोरं मला विचारत, "गुरजी काऊन येत नाही जी?" मी म्हणायचो, "तब्येत बरी नसेल." त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात. शोकसभेत मी बोललो, चांगलं बोललो, सगळे म्हणाले. पण पोरं हमसून रडत होती, आणि तिथं उभ्या उभ्या माझ्या मनात काय आलं सांगू? माझ्यासाठी यातलं एक तरी रडेल का?

पुढं काही वर्षांनी आमगावला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिकवायला आलेल्या बाईंनी इजिप्तमधल्या थडग्याच्या भिंतीवरचं एक चित्र दाखवलं. माणसं ओळीनं उभी, रोपं उपटून राहिलेली, हातात त्यांच्या पेंढ्या. बाई म्हणाल्या, हे जवस आहे, याच्या देठाच्या धाग्याचं कापड विणत आणि त्यातच मृतांना गुंडाळत. माझ्या शेजारचा मास्तर ओरडला, "अरे बाप्पा, हे तं आपल्या बांधीतलं!" सगळे हसले. मी वहीत मान घालून काहीतरी लिहून राहिल्यासारखं केलं. तुम्हाला हे कुठून कळलं होतं, गुरुजी? कोणत्या पुस्तकातून? मी तुमच्यासमोर बसून शिकलो, आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही.

ती मुलगी मला भेटली. निवृत्तीनंतर, सौंदडच्या स्टेशनवर. तिनंच ओळखलं, वाकून नमस्कार केला. आता तीही शिक्षिका आहे, जवळच्याच गावात, सहावीला शिकवते. "सर, तुमची कविता माझ्या वर्गातली पोरं अजून म्हणतात," ती म्हणाली आणि फलाटावरच दोन्ही ओळी चालीवर म्हणून दाखवल्या, कापसासकट. मग हसली. "आठवते जी तुम्हाले? जवस लिहून मी कशी बोलणी खाल्ली होती! गुरुजींचं वय झालं होतं बिचाऱ्यांचं. घोळ होत असेल त्यांचा." ती माझ्याकडे पाहत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं, गुरुजी. मी म्हणालो, "हो, वय झालं होतं."

गाडी आली. जाताना तिनं शाळेचा पत्ता लिहून दिला, पोरांना भेटायला या म्हणाली. तो पत्ता मला आता पाठ आहे. जवस फुललेला पाहून आलो आणि तिचं उत्तर बरोबर होतं हे तिला कळवायचं म्हणूनच आज कागद घेतला. दोनदा तिचं नाव लिहिलं, दोनदा कागद फाडला. तिसऱ्यावर 'गुरुजी' लिहिलं आणि हात थांबेना. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्ही माझी फुली तेव्हाच मान्य केली होती. तिला कळवलं तर ती त्याच दिवशी वर्गात सांगेल, देठं भिजवील, धागा काढून दाखवील, आणि तो वर्ग पुन्हा तुमचा होईल. माझ्या त्या दोन ओळी अजून चाळीसेक पोरांच्या तोंडी आहेत. चुकीच्या आहेत, ठाऊक आहे. आणखी एक वर्ष तरी त्यांनी त्या म्हणाव्यात असं मला वाटतं.