घोड्याशी मराठीत

ती. आबा,
इंग्लंडहून तुमच्या मायाचा जय भीम.

माझी तब्येत बरी आहे, ड्युटीही आता दिवसाची मिळाली. हॉस्पिटलची वाट शेतांमधून जाते, तिच्यावर घोडेस्वारही येतात. ते लांबूनच हाक देऊन घोडा हळू करतात. आपण कडेला थांबून काहीतरी बोलायचं, म्हणजे कोटाटोपीतलं हे माणूसच आहे असं घोड्याला कळतं आणि तो बुजत नाही. मी मराठीतच बोलते. काल एका स्वार बाईंनी विचारलं, "काय सांगितलंस त्याला?"

म्हटलं, "चहा झाला का, विचारलं."

खूप हसल्या. दिवसभरात तेवढंच मराठी तोंडातून निघतं.

राकेशदादाचा फोन आला होता. तुम्ही कानाचं मशीन घरी ठेवून रेसकोर्सच्या मैदानावर चालायला गेलात, मागून घोडा आला, स्वार ओरडत राहिला आणि तुम्ही आपले मधूनच चाललात. कुणी हात धरून ओढलं म्हणून बरं. मला का नाही सांगितलंत? मशीन कानात शिट्टी मारत असेल तर दादाकडून नीट करून घ्या. आईचा गुडघा कसा आहे?

रागावू नका, आबा. मी इथून कितीही ओरडले तरी परळला पोचणार नाही. तिथे जो ओरडेल, त्याचा आवाज तरी तुमच्यापर्यंत पोचू दे.

तुमची,
माया