फसवे पेंग्विन आणि तुझ्या चपला

कोलशेत, ठाणे

चि. संचिता हिला बाबांचा सप्रेम जयभीम.

आम्ही दोघं बरे आहोत. माझे गुडघे आणि तुझ्या आईचा स्वभाव सोडला, तर तक्रारीला जागा नाही. तुझे पेंग्विनही खुशाल असावेत. (पेंग्विन म्हणजे बर्फ, असं मी जन्मभर समजत होतो. तू आफ्रिकेच्या उन्हात त्यांच्यामागे फिरतेस, हे खालच्या मजल्यावरच्या देवरामना अजून पटत नाही.)

तो व्हिडिओ तू आईला पाठवायला नको होतास. जुन्या जागी मासळी संपली, पाखरं उपाशी मरायला लागली, म्हणून तुम्ही नव्या किनाऱ्यावर सिमेंटचे पेंग्विन मांडले आणि कर्ण्यावर त्यांचा आवाज लावला. पोहत जाणाऱ्यांना वाटावं, इथे वस्ती आहे, आणि त्यांनी मुक्कामाला यावं. तुझ्या आईने ते पाहिलं आणि गप्प बसली. ती गप्प बसली की मला धडकी भरते.

दुसऱ्या दिवशी दारात तुझ्या जुन्या चपला आल्या. मग दोरीवर तुझा पिवळा ड्रेस. दिवेलागणीला खाडीकडच्या गॅलरीत ती मोबाईलवर पेंग्विनचा आवाज लावायला लागली. (तो गाढवासारखा असतो हे आधी सांगायचं होतंस, सोसायटीने गाढव पाळण्याविरुद्ध नोटीस लावली.) त्यानंतर मोबाईलवर जपून ठेवलेला, तुझ्या आवाजातला कॉलेजच्या दिवसांतला निरोप सुरू झाला: "आई, खाली पोचले गं, दार उघडून ठेव."

गेल्या आठवड्यात मोबाईल माझ्या हातात होता, बंद. आणि खाडीकडून तुझा आवाज आला. मी भूतखेत मानत नाही. तेव्हाही न मानताच घरातले सगळे दिवे लावले. तुझ्या आईने शांतपणे ताट वाढलं. सकाळी चपला खाडीच्या चिखलाने माखलेल्या. मी म्हटलं, कुत्र्याने नेल्या असतील. ती म्हणाली, "कुत्रं परत आणून जोडीने लावतं का हो?"

तेव्हापासून आवाज रोज संध्याकाळी एक मजला वर येतो. (लिफ्ट बंद आहे.) काल देवराम विचारत होते, संचिता आली का?

तुमच्याकडे पेंग्विनऐवजी दुसरंच कोणी वस्तीला आलं, तर तुम्ही काय करता? आईचा मला राग येत नाही. हे घर रिकामं झालंय, हे तिला सोसत नाही. मलाही सोसत नाही, फक्त मी बोलत नाही.

तब्येतीला जप.

तुझे बाबा

ता. क. पाखरांना सोडून ये, असं मी म्हणणार नाही. तिकीट मात्र बघ.

आणखी एक. आलीस की बाहेरून हाक मारू नकोस, बेल वाजव. तुझ्या आवाजाला मी आता दार उघडणार नाही. आई उघडेल, म्हणून लवकर ये.