अलिफ-लाम-मीमचं भांडण

हिंगणघाट,
७ फेब्रुवारी १९८३

प्रिय बिल्किस,

मागच्या एकाही पत्राचं उत्तर नाही. अमरावतीला मास्तरीण झालीस म्हणून लिहिणं विसरलीस का गं? माझं डोकं उठलंय. तुझं, तुझ्या अम्मीचं अन् त्या तीन अक्षरांचंही मला आता नाव नको.

मिलचा भोंगा झाला की तुझी अम्मी, माझी खाला, मोहल्ल्यातल्या पोरींना ओसरीत जमवून कुराणाचे सिपारे पढवायची, अन् शेजारची म्हणून मीही चिंच चाटत मागे बसायची. पहिल्याच पानावर तू अडलीस. अलिफ, लाम, मीम. बाकीच्या पोरी गुमान डोलत होत्या, तू विचारलंस, याचा अर्थ काय? खालानं सगळ्यांसमोर थोबाडीत दिली. बरं, दिली तर दिली! माझ्या मायनं मला काय कमी धोपटलं? पण तू ती थापड जपून ठेवलीस. सहा वर्षांपूर्वी चाचांचा, तुझ्या अब्बांचा, जीव घुटमळत होता, घर पाहुण्यांनी भरलेलं, खाला म्हणाली यासीन पढ, जाणाऱ्याचा जीव सुखानं सुटतो, अन् तू म्हणालीस, याच्याही सुरुवातीला तसलीच अक्षरं आहेत, आधी अर्थ सांग, मग पढते. ती काय वेळ होती, बिल्किस? खालानं निघून जा म्हटलं अन् तू खरंच निघून गेलीस. दोघी सारख्याच हेकट.

शेवटी चिडून मीच मशिदीतल्या हाफिजजींना विचारलं. ते म्हणाले, अल्लाच जाणे. तुझ्या मामेभावानं नागपूरहून कुराणाच्या अर्थाचं जाडजूड पुस्तक आणलं. त्यात कोणी म्हणतं ही अल्लाची नावं, कोणी म्हणतं त्या त्या सूरेचं, म्हणजे अध्यायाचं, नाव, कोणी म्हणतं ऐकणाऱ्यानं कान द्यावा म्हणून. शेवटी तेही आलं अल्लाच जाणे यावरच. मोठमोठ्या आलिमांना जे ठाऊक नाही, त्यावरून तुम्ही मायलेकी सहा वर्षं अबोला धरून बसल्या! आमच्याकडे महाराज येऊन ह्रीं क्लीं करतात. मी कधी अर्थ विचारला नाही, शिरा झाला का एवढंच विचारते. हसू नकोस, मी रागात आहे.

परवा खालाचे पाय चेपत होते तर आपणहून बोलली. म्हणे, जयवंता, लहानपणी म्या बी माह्या अम्मीले हेच विचारलं होतं, मले बी थापडच भेटली. मले माहीत नाई, एवढं पोरीले सांगायची सरम वाटली, समोर साऱ्या पोरी बसल्या होत्या. बाई, मला इतका संताप आला की मी उठून घरी आले. हे तुला तेव्हाच सांगायला तिला काय झालं होतं?

काल डॉक्टरनं हात टेकले. तिचं अन्न सुटलंय. हाफिजजींची बायको यासीन पढायला आली, तर खालानं भिंतीकडे तोंड फिरवलं. बिल्किसच पढल म्हणते, दुसऱ्या कोणाला पढू देत नाही. जीव अडकवून पडली आहे. म्हणून हे लिहिते आहे. बडनेऱ्याहून मिळेल ती गाडी पकड. भांडायचंच असेल तर इथं येऊन भांड, तिला अजून ऐकू येतं.

तुझ्या नावानं बोटं मोडणारी, तरी तुझीच,
जयवंता